हुकूम चाकापर्यंत पोहोचेतो

मोटारीचे स्टिअरिंग फिरविले असता मोटार वळते, अशी एक समजूत मोटार नसलेल्या लोकांत सर्वत्र रूढ आहे. ज्यांनी एखादी जुनी मोटार काही वर्षे पदरी बाळगली आहे, त्यांना मात्र पक्के ठाऊक असते की स्टिअरिंग फिरविणे ही केवळ एक दरख्वास्त असून, तिचा निकाल पुढची चाके आपल्या सवडीने, आपल्या तब्येतीप्रमाणे आणि पुष्कळदा अर्जदाराच्या म्हणण्याविरुद्ध देत असतात. ही दरख्वास्त प्रथम स्टिअरिंगच्या लांब दांड्यातून खाली उतरते; तेथे स्टिअरिंग बॉक्स नावाच्या तेलकट दप्तरात एक मळसूत्री वर्म बसलेला असतो, तो ती आपल्याला लागून असलेल्या दात्याकडे सरकवितो, दाता ती ड्रॉप आर्मकडे रुजू करतो, ड्रॉप आर्म मधल्या रॉडकडे, रॉड पलीकडच्या आयडलर आर्मकडे, आणि हे सारे मिळून ती आपापल्या बाजूच्या टाय रॉडकडे शिफारशीसह रवाना करतात; शेवटी टाय रॉडच्या टोकाला रबराची टोपी घालून बसलेला बॉल जॉइंट सही करील तेव्हा कोठे चाकाला वर्दी पोहोचते. यांपैकी एकही इसम कामचुकार नसतो. प्रत्येकाने उभ्या हयातीत केवळ केसभर ढिलाई केलेली असते. परंतु ठिकठिकाणच्या या केसांची बेरीज स्टिअरिंगच्या कडेवर चांगली चार बोटे भरते, आणि मिस्त्री लोक तिला 'प्ले' म्हणतात.

मी अशी एक मोटार बाळगून होतो, त्या काळी आपल्याकडील रस्त्यांवर मुख्यत्वे दोनच मोटारी दिसत. एक मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यास निघणारी ॲम्बॅसडर आणि दुसरी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट. पहिलीचे स्टिअरिंग दातेरी पट्टीचे असल्यामुळे तिच्या कारभारात टेबले थोडी. दुसरीचा कारभार वर सांगितल्याप्रमाणे बॉक्समार्फत चाले. माझी गाडी यांतली कोणती, हे जाणकारांनी ताडलेच असेल. पण वयस्क गाडीच्या सांध्यांची चर्चा तिच्या माहेरचे नाव घेऊन करणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय सांध्यांची ती दशा माहेरी झालेलीच नव्हती. माझ्या आधीचे सर्व मालक, ज्यांच्या सह्या नोंदणीपुस्तकात एकाखाली एक अशा उतरत्या सुवाच्यतेने झालेल्या होत्या, त्यांचा त्या कार्यात मोठा हातभार होता.

कात्रजच्या घाटात या व्यवस्थेची खरी लज्जत कळे. पुढल्या वळणाचा अर्ज अलीकडच्या वळणावरच दाखल करावा लागे. तो मंजूर होऊन येईपर्यंत समोरून साताऱ्याची एस. टी. आपले सर्वांग हलवीत प्रकट होई. आणि एकदा मंजुरी आली की ती तहकूब करून घेण्यासाठी लगेच उलट दिशेचा दुसरा अर्ज तितक्याच तातडीने गुदरावा लागे. सपाट रस्त्यावरही मला विसावा नसे. चित्रपटातील नायक सरळ रस्त्याने गात चालला असता स्टिअरिंग सारखे डावीउजवीकडे का फिरवितो, याबद्दल टीकाकारांनी त्या बिचाऱ्याची पुष्कळ टवाळी केली आहे. त्याची गाडी जुनी असावी, एवढा साधा खुलासा त्यांपैकी कोणालाही सुचला नाही, यावरून टीकाकार पायी चालणारे असावेत असे मी अनुमान काढले आहे.

आमचे कुटुंब शेजारच्या आसनावर बसून या प्रशासनाकडे फार बारकाईने पाहत असे.

"अहो, समोर टांगा आहे."

"दिसला."

"दिसला तर वळवा की!"

"वळविले आहे. अजून खाली पोहोचलेले नाही."

या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि टांगेवाल्याचे तर मुळीच झाले नाही. गाडी दुरुस्त करून घेतल्यावाचून आपण तीत पाऊल ठेवणार नाही, असे फर्मान त्याच दिवशी निघाले. आणि ते मात्र मध्ये कोठेही न अडकता थेट माझ्यापर्यंत येऊन पोहोचले.

मोटार बिघडल्याचे वृत्त पसरताच सल्ल्याचा जो ओघ सुरू होतो, तसा तो माणूस आजारी पडल्यावरही होत नाही. आजाऱ्याच्या बाबतीत लोक निदान डॉक्टरांचे नाव तरी घेतात. मोटारीच्या बाबतीत प्रत्येक जण स्वतःच धन्वंतरी असतो. दुधवाल्याने टायर बदलावयास सांगितले. नाक्यावरच्या वाण्याने, स्प्रिंगचे पाटे बसले आहेत, असा निर्वाळा गाडीकडे पाठ करून दिला. आमच्या शेजारचे गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी जन्मात सायकलवाचून दुसरे वाहन हाताळले नव्हते, तरी रोज सकाळी धोतराचा सोगा हाती धरून ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालीत व त्याच गंभीर स्वरात विचारीत, "चाकांतली हवा पाहिलीत का?" हवा पाहिली आहे असे सांगितले, की ते क्षणभर थांबून "पुन्हा एकदा पाहा" असा शेरा मारीत आणि प्रकरण दुसऱ्या दिवसावर टाकीत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटेही नसे, कारण पुढच्या एका चाकात हवा कमी असली म्हणजे गाडी त्या बाजूला ओढते, हे खरेच आहे; फक्त माझी गाडी दोन्ही बाजूंना ओढीत होती.

आमचे मेहुणे नाशकाहून आले होते. त्यांनी सर्व हकीकत डोळे मिटून ऐकून घेतली आणि म्हणाले, "आमच्या नाशकात एक मिस्त्री आहे. नुसता आवाज ऐकून सांगतो." माझा असा अनुभव आहे की उत्तम मिस्त्री हा नेहमी दुसऱ्या गावी असतो. पुणेकरांना नाशिकचा, नाशिककरांना कोल्हापूरचा आणि कोल्हापूरकरांना बेळगावचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगणारा वाटतो. बेळगावच्या लोकांना पुण्याचा वाटत असेल, तर तो पुण्यात नेमका कोठे बसतो हे त्यांनी कृपा करून मला कळवावे.

दरम्यान मी ग्रंथालयातून मोटारशास्त्रावरचा एक जाडजूड ग्रंथ आणविला. कोणतेही काम स्वतःच्या हातांनी करावे लागण्याचा संभव निर्माण झाला म्हणजे त्याच्या इतिहासाचे अध्ययन करण्याकडे माझी प्रवृत्ती होते. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या, म्हणून आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळले पाहिजे, नाही तर टायर रस्त्यावर घासत फरफटते, ही गोष्ट मोटारीच्या कितीतरी आधी घोडागाडीवाल्यांच्या ध्यानात आली होती. ती साधणारी रचना ॲकरमनची म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. हा रुडोल्फ ॲकरमन लंडनमध्ये चित्रांचा व पुस्तकांचा व्यापार करी. रचना बसविली होती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने. ॲकरमनने त्याचा मुखत्यार या नात्याने 1818 साली इंग्लंडात तिचे पेटंट तेवढे घेतले. त्याच्याही अर्धशतकाहून अधिक आधी चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांना तीच युक्ती सुचली होती. पण ते पडले वैद्य, कागद करून घेण्याचे त्यांनी मनावर घेतले नाही. हा मजकूर मी शेजाऱ्यांना वाचून दाखविला, तेव्हा प्रथमच त्यांच्या मुद्रेवर मोटार या विषयाबद्दल खरीखुरी आस्था उमटली.

"म्हणजे ज्याने काम केले त्याचे नाव नाही?"

"नाही."

"आणि ज्याने अर्ज दाखल केला त्याचे आहे?"

"आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "काम शिरस्त्यास धरून झालेले आहे."

अखेर एका सकाळी मी गाडी, किंवा गाडीने मला, मिस्त्रीच्या दारी नेऊन उभे केले. मिस्त्रीचा कारखाना म्हणजे एका वडाच्या बुंध्याला टेकलेले पत्र्याचे छप्पर, तेलाने काळी पडलेली जमीन, आणि पायाखाली कधी तरी कोणाच्या तरी गाडीतून शिल्लक राहिलेल्या नटबोल्टांचा खच. हे नट शिल्लक राहूनही त्या गाड्या चालत आहेत, हे पाहून नवागताच्या मनाला धीर येतो की धसका बसतो हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे.

मिस्त्रीने स्टिअरिंग दोन बोटांत धरून किंचित हलविले. तो काही बोलला नाही. त्याने फक्त जिभेने 'च्' असा आवाज काढला. त्या आवाजाचा खर्च किती येतो याची मला तोपर्यंत कल्पना आलेली होती. मग त्याने पुढची बाजू जॅकवर घेतली, खाली विटांची चवड लावली आणि चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या नवाच्या व तिनाच्या जागी धरून गदगदा हलविले. खट्‍ असा आवाज आला.

"टाय रॉड," तो म्हणाला.

मग तेच चाक त्याने वरून व खालून, म्हणजे बाराच्या व सहाच्या जागी, धरून हलविले. पुन्हा खट्‍ झाले.

"किंगपिन. नाही तर बेअरिंग. ए, ब्रेक दाब."

हाताखालचा पोऱ्या आत बसून ब्रेकवर उभाच राहिला. मिस्त्रीने चाक पुन्हा हलविले, खट्‍ कायम. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली असती तर दोष बेअरिंगचा ठरला असता, कारण ब्रेक चाकाला व आसाला एकत्र जखडतो. ती राहिली, अर्थात किंगपिनचे, म्हणजे ज्या खुंटीभोवती चाक वळते तिचे, बुश गेले. ही युक्ती पाहून मी मनातल्या मनात थक्क झालो. न्यायालयांत साक्षीदारांची उलटतपासणी इतक्या थोडक्यात व इतक्या निर्णायकपणे झाली असती तर वकिलांच्या गाड्या इतक्या नव्या दिसल्या नसत्या.

यानंतर मला स्टिअरिंगवर बसवून ते "थोडं इकडं, थोडं तिकडं" असे हलवीत राहावयास सांगण्यात आले आणि मिस्त्री गाडीखाली उताणा शिरला. त्याचे फक्त दोन तळवे बाहेर दिसत होते. आतून एकेका सांध्यावर हात ठेवून तो निकाल जाहीर करी. "हा गेला." थोड्या वेळाने, "हा पण गेला." मध्येच एकदा "हा आहे" असे ऐकू आल्यामुळे मला अतोनात आनंद झाला, पण तो हातोडा होता, पोऱ्याला सापडत नव्हता. शेवटी त्याने डाव्या टाय रॉडचा एंड मला दाखविण्यासाठी मुद्दाम खाली बोलाविले. रबराची टोपी फाटून कडेने लोंबत होती. आत ग्रीसच्या जागी रस्त्याची माती आणि पावसाचे पाणी यांचा चिखल घट्ट बसला होता. आणि बोरासारखा तो गोल गुळगुळीत गोळा आपल्या वाटीत एका बाजूने चपटा होऊन, पोऱ्या वर स्टिअरिंग हलवील तसतसा, प्रथम काही न करता स्वस्थ बसे आणि मग एकदम दचकल्यासारखा उडी मारी.

"हे कुणी केलंय?" मिस्त्री एकाएकी कडाडला. त्याची नजर त्या गोळ्याच्या वरच्या कॅसल नटावर होती. या नटाला वरून खाचा असतात व त्यांतून स्प्लिट पिन घालून तिची टोके वळवावयाची असतात, म्हणजे नट धक्क्याधक्क्याने सुटत नाही. येथे पिनेच्या ठिकाणी एक वाकविलेला खिळा होता. "खिळा! असं काम करणाऱ्याचे हात मोडले पाहिजेत. गाडी चालवताय का मरण हाकताय साहेब? कुठला गाढव मिस्त्री होता?"

आपल्या आधीच्या मिस्त्रीची निर्भर्त्सना केल्यावाचून कोणताही मिस्त्री कामास हात घालीत नाही. डॉक्टर, शिंपी आणि शाळामास्तर यांच्यातही ही रीत आहेच. मागल्या यत्तेच्या मास्तरांनी काय शिकविले असा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा विद्यार्थी नसेल. म्हणून मी मौन धरले. पण पोऱ्या लहान होता. त्याला धंद्याची नीती पुरती अवगत झाली नव्हती.

"उस्ताद," तो वरून म्हणाला, "आपणच मारला होता. दिवाळीत. पिना संपल्या होत्या."

एखादा कच्च्या दिलाचा मनुष्य येथे ओशाळला असता. मिस्त्रीने खिळा उपटला, उन्हात धरून नीट न्याहाळला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "बघा साहेब. दिवाळीपासून हलला नाही."

सुटे भाग आणण्यासाठी मला नाना पेठेत पाठविण्यात आले. तेथल्या गाळ्यांतून मोटारीचा कोणताही अवयव तीन प्रकारांत मिळतो: ओरिजिनल, डुप्लिकेट आणि 'ओरिजिनलच समजा'. तिसरा प्रकार सर्वांत जास्त खपतो. मी टाय रॉड एंड मागताच दुकानदाराने मान वर न करता विचारले, "डावा का उजवा?" येथे माहीतगार मनुष्यसुद्धा गांगरतो, कारण डावाउजवा हा प्रश्न गाडीच्या बाजूचा नसून आट्यांचा असतो. टाय रॉडच्या एका टोकाचे आटे सुलटे व दुसऱ्याचे उलटे ठेवलेले असतात, जेणेकरून नट सैल करून मधली नळी नुसती फिरविली की रॉड लांब किंवा आखूड होतो व पुढच्या चाकांची तोंडे हवी तेवढी आत-बाहेर करता येतात. मी प्रौढ गांभीर्याने "दोन्ही द्या" असे म्हणालो. या उत्तराने दुकानदाराने माझ्याकडे प्रथमच पाहिले. अडाणी गिऱ्हाईक ओळखण्याची ती या पेठेतली सर्वमान्य खूण असावी, कारण त्यानंतर किमतीच्या बाबतीत त्याने कोणतीच घासाघीस मान्य केली नाही.

पुढचा इतिहास त्वरेने सांगतो. जुना एंड आपल्या निमुळत्या भोकात असा रुतला होता की, दोन बाजूंनी दोन हातोडे एकदम मारल्यावर तो सुटला तेव्हा वडावरचे कावळे उडाले. किंगपिन नवे पडले, बुश पडले, बॉक्समध्ये नव्वद नंबरचे ऑइल भरले गेले. पुढच्या चाकांची तोंडे जराशी आत असावी लागतात. तो काही मिलिमीटरांचा हिशेब मिस्त्रीने पोऱ्याच्या करदोट्याला शोभेल अशा एका दोरीने व डाव्या डोळ्याने केला. स्टिअरिंगचे चाक काढून परत बसविताना ते एक-दोन खाचा बाजूला बसले, त्यामुळे गाडी सरळ चालली असता स्टिअरिंग मात्र मान कलती करून काही तरी ऐकत आहे असे दिसे. ते सरळ केले तेव्हा हॉर्नची तार कोठे तरी चिमटली, आणि डावीकडे वळताच हॉर्न आपोआप वाजू लागला. उजवीकडे तो वाजत नसे. दोन दिवस आमच्या गल्लीतील लोक मी डावीकडून आलो की उजवीकडून हे घरबसल्या ओळखीत. आणि एका लग्नाच्या वरातीच्या मागे सापडलो असता, रस्ता सारखा डावीकडेच वळत गेल्यामुळे, वधूपक्षाकडील एका वृद्ध गृहस्थांनी मला बँडवाल्यांचा माणूस समजून पानसुपारी दिली.

हे सर्व निस्तरल्यावर मिस्त्रीने स्टिअरिंग बॉक्सच्या माथ्यावरचा पेच आवळला, वरचा नट घट्ट केला आणि किल्ली माझ्या हाती ठेवीत म्हणाला, "आता बघा."

मी पाहिले. घराच्या कोपऱ्यावर आलो आणि नेहमीच्या वहिवाटीप्रमाणे वळणाच्या बरेच अलीकडे, चार बोटांची आगाऊ रक्कम भरून, स्टिअरिंग फिरविले. गाडी तत्क्षणी वळली. इतक्या वर्षांत असा प्रसंग मला आला नव्हता. ती वळण येण्यापूर्वीच वळल्यामुळे शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरली. बाहेर काढण्यासाठी मी नेहमीइतकेच उलट फिरविले, तो ती तितक्याच आज्ञाधारकपणे समोरच्या विजेच्या खांबाकडे निघाली. आयुष्यभर ज्याचे कोणी ऐकले नाही अशा मनुष्याच्या हाती एकाएकी पूर्ण अंमल आला म्हणजे तो किती भयंकर गोष्टी करू शकतो, हे मला त्या अर्ध्या मिनिटात समजले. कुटुंब मागे बसले होते. "अहो," ती क्षीण स्वरात म्हणाली, "ही ऐकायला लागली की काय?"

शिवाय पेच आवळल्याने दुसराही घोळ झाला होता. वर्म हा मधल्या भागात जास्त झिजतो, कारण माणूस जन्मभर बहुतेक सरळच जात असतो. मधली ढिलाई निघेपर्यंत पेच आवळावा तर कडेचा न झिजलेला भाग इतका घट्ट होतो की पूर्ण वळविलेले स्टिअरिंग परत यावयास तयार होत नाही. सकाळी मंडईच्या वळणावर ते असे अडून बसले, आणि मी भाजीवाल्यांच्या टोपल्यांभोवती एक संपूर्ण वर्तुळ काढून पुन्हा मूळ जागी आलो. ॲकरमनच्या तत्त्वाप्रमाणे आतले चाक लहान वर्तुळात व बाहेरचे मोठ्या वर्तुळात अगदी बिनचूक फिरले, हे नमूद करणे मला कर्तव्य वाटते. भाजीवाल्यांनी मात्र त्याची दखल घेतली नाही.

तसाच मिस्त्रीकडे गेलो.

"थोडा प्ले परत टाका," मी म्हणालो.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, लोक काढायला येतात. घालायला कुणी आलं नव्हतं."

"चार बोटं नको. दोन पुरतील."

त्याने नट सैल केला, पेच पाव फेरा मागे फिरविला, पुन्हा नट आवळला; आणि स्टिअरिंग हलवून पाहिल्यावर माझ्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते पाहून पोऱ्यालाही हसू आवरले नाही. मग मिस्त्रीने खिशातून चुरगळलेला कागद काढला, तो गुडघ्यावर सपाट केला आणि बिल लिहिले.

संध्याकाळी शेजारी ओट्यावर आले होते. मेंदीच्या कुंपणाचा विषय त्यांनी सभ्यपणे टाळला व बिल पाहावयास मागितले. चष्मा पुसून, प्रत्येक कलमावर बोट ठेवून, त्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचले. शेवटून दुसरे कलम 'स्टेरिंग टाइट करणे' असे होते आणि त्याच्याच खाली, तेवढ्याच रकमेला, 'स्टेरिंग लूज करणे' असे होते. दोहोंवर ते बराच वेळ थांबले. मी खुलासा करण्याच्या तयारीत होतो, पण त्यांनी हात वर करून मला थोपविले, कोपरीच्या खिशातून टाक काढला, बिलाच्या डाव्या समासात 'पाहिले' असे लिहून खाली वळणदार सही केली, तारीख घातली आणि कागद परत देताना म्हणाले, "हवा पाहिलीत का?"